डाव्या बाजूचा गंज

पान्याला आणखी एक हिसका बसला आणि बोल्टची मुंडी वाळक्या काटकीसारखी मोडून गेन्देनच्या हातात आली. बूड तसंच लोखंडात रुतून राहिलं.

"गेली," योंदोन म्हणाला. शेजारच्या तंबूतला हा माणूस मदतीला आला होता, म्हणजे गंमत बघायला.

गेन्देनने मुंडी गवतात भिरकावली. जुन्या रशियन जीपच्या पुढच्या डाव्या चाकावरचा स्प्रिंगचा पाटा तुटला होता. नवा पाटा शेजारी पडला होता, पण जुना सुटल्याशिवाय तो बसणार कुठे? आणि उद्या उजाडता गेन्देनला खिंडीपलीकडे पोचायचं होतं. मेलेल्या मित्राच्या मुलाचं लग्न होतं. वडीलधारं माणूस म्हणून नवरानवरीचा नवा तंबू उभारताना छताचं मधलं कडं गेन्देनने उचलून धरावं, असा मुलाच्या आईचा निरोप होता. तिचे निरोप वर्षानुवर्षं येत आणि गेन्देन मैत्रीला जागून जीप काढी. मित्र जिवंत असताना तो इतका जागत नव्हता, हे खोऱ्यातल्या सगळ्यांनी आपापल्या मनात मांडून ठेवलं होतं.

"एक नवल आहे, दादा," योंदोन म्हणाला. "उजवीकडचे बोल्ट मी नुसत्या हाताने फिरवले. आटे अजून चकाकतायत. सगळा गंज तेवढा डावीकडे. एक चाक मिठाच्या तळ्यात घालून चालवतोस की काय जीप?"

"बडबड कमी कर. ड्रिल दे."

बुडाच्या मधोमध भोक पडलं. अडकलेलं बूड उलटं फिरवून काढायला गेन्देनने उलट्या आट्यांची पोलादी खुंटी त्यात ठोकायला घेतली.

"आधी तापव रे त्याला," योंदोन म्हणाला. "लाल झालं की मेणबत्ती टेकव. मेण आट्यांत उतरू दे. मग निवांत चहा पी आणि मग हात लाव."

"चहा प्यायला वेळ कुणाला आहे?"

"नवऱ्यामुलाला नसेल. तुला कसली घाई?"

गेन्देनने खुंटीवर शेवटचा घाव घातला. खुंटीला पाना लावला आणि सगळा भार टाकला. कट् असा लहानसा आवाज झाला. बोल्ट हलला नव्हता. खुंटी आतच मोडली होती. आता बोल्टमध्ये बोल्टहून कडक पोलाद अडकलं. त्याच्यावर ड्रिल नुसतं घसरणार.

तेवढ्यात नोर्जमा, गेन्देनची बायको, किटली आणि वाट्या घेऊन आली. योंदोनने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"वहिनी, चहात मीठ रोजचंच, पण आज सांडलं का?"

"सांडलं नाही. टाकलं."

ती डाव्या चाकाशी उभी होती. योंदोनने तिच्याकडे बघितलं, मग चाकाकडे.

"दादा निघाला की वाट सुखाची व्हावी म्हणून तुम्ही पळीने शिंपडता, ते इथेच ना?"

"घोड्याच्या डाव्या रिकिबीवर शिंपडतात. जीपला रिकीब कुठली? मग हे चाक."

"पण ते दूध असतं. दुधाने लोखंड इतकं सडत नाही."

"गवत आणायला निघाले की दूध," नोर्जमा म्हणाली. "डॉक्टरकडे निघाले की दूध. खिंडीपलीकडे निघाले की हा चहा."

कुठली शेळी आटली आणि कुठली अजून दूध देते हे सांगावं, तशा आवाजात तिने ते सांगितलं.

गेन्देनचं बोट पाट्यावर होतं. गंजाचे पापुद्रे सुटत होते, एकाखाली एक. तो त्यांच्याकडेच बघत राहिला. वर बघण्यापेक्षा ते सोपं होतं.

"तुला ठाऊक होतं," तो अखेर म्हणाला.

"घोड्यांच्या शर्यतीत बघितला मी त्या नवऱ्यामुलाला. तुमचं नाक लपतंय होय?"

"मग कधी थांबवलं का नाहीस?"

"थांबवतच होते की," नोर्जमा म्हणाली. "लोखंड आहे. वेळ लागला."

तिने वाट्या गोळा केल्या. गेन्देनची भरलेली होती. ती तिने गवतात उपडी केली आणि तंबूत गेली.

योंदोन उठला आणि काही न विचारता आपला तांबडा घोडा घेऊन आला. "आत्ता निघालास तर उजाडता पोचशील. छताचं कडं कुणीही धरेल रे, पण त्या पोराला तू धरलेलं हवं असेल."

गेन्देनने खोगीर आवळलं, नवा झगा चढवला, टोपी नीट केली. डाव्या हातात आयाळ धरली, डावा पाय रिकिबीत टाकला. आणि तसाच उभा राहिला, तंबूच्या दाराकडे तोंड करून.

"चढ की," योंदोन म्हणाला.

"थांब. ती येईल."

"अरे, ती काय शिंपडते ते आत्ताच ऐकलंस ना?"

"काहीही शिंपडू दे. न शिंपडता कोण निघतं?"

सूर्य खिंडीला टेकला. घोडा एका जागी उभा राहून कंटाळला आणि गोल फिरायला लागला. गेन्देन एका पायावर लंगडत त्याच्याबरोबर फिरला, पण रिकिबीतला पाय त्याने काढला नाही.

आत नोर्जमाने पळी धुतली, पुसून कोरडी केली आणि खुंटीला अडकवली.