आठवा फोन

आठवा फोन लाल झाला आणि नालुबेगाने कपाळावर हात मारून घेतला.

"आता काय झालं?" पलीकडच्या टेबलावरून किग्गुंडूने विचारलं. तो तिचा साहेब.

"तीस सेकंद संपले, बॉस. उत्तरच आलं नाही."

कंपालाच्या त्या ऑफिसात फळीवर आठ फोन ओळीने मांडले होते. ॲप अडलेल्या बाळंतिणींसाठी होतं. बटण दाबलं की जवळच्या सुईणीला निरोप जाई, आणि तिचं उत्तर येई, 'मी निघाले'. चाचणीत बटण संगणकच दाबायचा आणि सुईणीच्या वतीने उत्तरही तोच द्यायचा. सात फोनांवर ते दोन सेकंदांत येत होतं. आठवा मात्र हटून बसला. आधीचा बंद पडला म्हणून दूर उत्तरेतल्या गुलूकडच्या खेड्यांतून परत आलेल्या फोनांतला एक तिने सकाळीच उचलून, जसा आला तसा, आधीच्या बाईची नोंदही न पुसता, तिथे लावला होता.

पाचपर्यंत आठही हिरवे झाले नाहीत तर ॲप अडणार होतं, आणि ॲपबरोबर नालुबेगाची नोकरीही. तीन दिवस ती धड झोपली नव्हती. जीव नुसता आंबून गेला होता.

"म्हातारा फोन आहे गं, न्याबो, बाईसाहेब. त्याला जरा वेळ दे," किग्गुंडू म्हणाला. "तुझी सासू काय पहिल्या हाकेला उठते?"

"माझी सासू निदान उठते तरी!"

तिने उत्तराची मुदत साठ सेकंद केली. लाल. दुपारी दोन मिनिटं केली. लालच. खरं तर कारण शोधायला हवं, हे तिला कळत होतं. पण अंगात त्राण कुठे होतं? चारला तिने वैतागून मुदत पाच मिनिटांवर नेली आणि टेबलावर डोकं टेकलं.

चार मिनिटं दहा सेकंदांनी अक्षरं उमटली, 'मी निघाले'. आठवा हिरवा!

"सुटले बाई एकदाची!" तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. किग्गुंडूने ॲप रवाना केलं.

पाचला ती पिशवी उचलत होती, तोच आठवा फोन वाजला. तिने तो कानाला लावला. पलीकडे एक बाई धापा टाकत होती.

"कुठे आहेस गं पोरी? सकाळपासून चौथ्यांदा आले तुझ्या घरी, सायकल ढकलत. दाराला कुलूप! लवकर सांग, कुठे अडलीयेस? तुझं बोलावणं थांबेना, म्हणून दुसरीला अर्ध्या कळांत टाकून आलेय मी."