ओळीने उत्तरं

"शहर?" मेइरोंगने दबक्या आवाजात नवऱ्याला विचारलं.

"चेंगदू," लाओ फान म्हणाला.

"मग?"

"मग पेन. मग घड्याळ. मग शंभरापासून दहा-दहा उतरत."

"बरोबर. आता लापशी संपव आणि गप्प पड."

त्याने चमचा उचलला तो उलटा. जन्मभर या शहरात बस चालवलेला माणूस, आणि चमच्याची खालची बाजू कळेना. तिने चमचा काढून घेतला आणि स्वतःच भरवायला बसली. वॉर्डच्या दाराकडे पाठ करून, म्हणजे कुणी डोकावलंच तर दिसू नये.

त्याच्या रक्तातल्या पेशी काढून, त्यांना कॅन्सरच्या गाठी ओळखायला शिकवून डॉक्टरांनी त्या परत अंगात सोडल्या होत्या. वर आणखी एक औषध चालू होतं, गाठींनी त्या पेशींना ब्रेक लावू नये म्हणून. हे ऐकून लाओ फान तेव्हा खदखदून हसला होता. म्हणाला, ब्रेकवर पाय ठेवून पोट भरलं मी, आणि तुम्ही ब्रेकच काढताय होय? पण गुण आला होता. मानेवरची गाठ आता हाताला लागतही नव्हती.

फक्त त्या मोकाट पेशी कधीकधी मेंदूवर उलटत. म्हणून नर्स रोज सकाळी तेच ठरलेले प्रश्न विचारायची. उत्तरं चुकली की स्टिरॉइड द्यायचं. गरम पाण्याच्या नळावर एका पेशंटची बायको मेइरोंगला रडत सांगून गेली होती, की माझ्या माणसाला ते दिलं, पेशी गारद झाल्या आणि गाठी परत आल्या. थर्मास भरता भरताच मेइरोंगने ठरवून टाकलं. लाओ फानची उत्तरं चुकू द्यायचीच नाहीत.

तो उत्तरांत डगमगायला लागल्यापासून ती त्याची उजळणी घेत होती. नर्स प्रश्नांचा क्रम कधी बदलत नसे. परवा आणि काल, दोन्ही सकाळी तो निभावून गेला.

आज मात्र नर्सबरोबर डॉक्टर लू आल्या. त्यांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला, नाडी पाहिली आणि खिशातून आधी पेनच काढलं.

"हे काय आहे?"

"चेंगदू."

डॉक्टरबाईंनी मनगटावरचं घड्याळ पुढे केलं.

"पेन."



"आपण कुठल्या शहरात आहोत?"

"घड्याळ," लाओ फान ठामपणे म्हणाला आणि पुढच्या प्रश्नाची वाट न बघता सुरू झाला. शंभर, नव्वद, ऐंशी. दहापर्यंत एकदाही चुकला नाही.

डॉक्टर लूंनी मेइरोंगकडे पाहिलं. "मावशी, कधीपासून पढवताय त्यांना?"

रात्री डोळ्याला डोळा नाही हो त्याच्या, म्हणून होतंय तसं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात तिला पांघरुणावरचा त्याचा हात दिसला. तो थरथरत होता, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

"परवापासून," ती म्हणाली. "मला भीती वाटली. ते औषध दिलं की पेशी मरतात ना?"

"सगळ्या मरत नाहीत. परवा दिलं असतं तर थोडक्यात भागलं असतं." डॉक्टरबाई रागावल्या नाहीत, त्यानेच ती जास्त घाबरली. "आता भरपूर द्यावं लागेल. मेंदूला सूज आलीय. आधी माणूस वाचू दे, पेशींचं मग बघू."

नर्स इंजेक्शन आणायला धावत गेली. डॉक्टर लू दाराशी उभ्या राहून अतिदक्षता विभागात फोन करू लागल्या. लाओ फानने मेइरोंगची बाही ओढली. त्याचा चेहरा नुसता फुलला होता.

"मास्तरीणबाई," तो अदबीने म्हणाला, "पास झालो का हो मी?"



"पहिला आलास," ती म्हणाली, आणि परत आलेल्या नर्सला सुई टोचता यावी म्हणून त्याची बाही कोपरापर्यंत वर सारू लागली.