मालनबाईंसाठी एक फाटक

स्टेशनच्या दारावर तिकीट तपासणारी सहा यांत्रिक फाटकं बसली होती. सातव्यापाशी देवीदास तिकीट कलेक्टर येऊन उभा राहिला तो हलेचना.

“हे रुंदवालं मोकळं ठेव,” तो मिस्त्री शैलेंद्रला म्हणाला. “दुपारी एक बाई येते. तिकीट नसते तिच्याजवळ.”

जबलपूर स्टेशनच्या दारावर देवीदासची सव्वीस वर्षं गेली होती. प्रवाशाचा चहासुद्धा त्याने कधी घेतला नव्हता. मोडायचा तो एकच नियम, घमापूर मोहल्ल्यातल्या मालनबाईंसाठी. त्यांचा मुलगा भांडून सुरतेला गेला, त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून त्या दुपारच्या गाडीवर जेवणाचा डबा घेऊन यायच्या. गाडी रिकामी होईपर्यंत थांबायच्या आणि परत जाताना डबा देवीदासपुढे ठेवायच्या. अन्न वाया जाऊ नये म्हणून तो खायचा. बायको गेल्यापासून त्याच्या घरी गॅस पेटायचा तो चहापुरता.

सोमवारपासून फाटकं चालू होणार होती. तिकीट दाखवलं तरच फाटकाची पाखं, म्हणजे झडपा, उघडणार. देवीदासने आत फलाटावर फिरायचं, असा हुकूम होता.

“तुम्हीच रोज एक फलाट तिकीट काहून नाही काढून देत, काका?” शैलेंद्रने विचारलं.

“पोराची वाट पाहायला तिकीट लागते, असं सांगू तिले?”

शैलेंद्रने स्क्रू पिळायचा पेचकस खाली ठेवला. “अन् तो पोरगा आला तर?”

“तर डबा त्याचा. मी हात नाही लावणार. दुसऱ्याच्या तोंडचा घास कसा खाऊ?”

फाटकांच्या खोक्यांआड बसून शैलेंद्रने आपला डबा संपवला आणि तो बाटलीभर पाणी घटाघटा प्यायला. त्याच दिवशी, शनिवारी, जेवल्यावर देवीदासच्याही नळावर चार फेऱ्या झाल्या. मे महिना होता, उन्हाचं कोणाला नवल नव्हतं.

सोमवारी नारळ फुटला, साहेबलोक पेढे खाऊन गेले आणि दुपारच्या गाडीच्या वेळेला कुंडम गावचा एक माणूस पोत्यासकट तिसऱ्या फाटकात अडकला. देवीदास आतून पोतं ओढत होता. तेवढ्यात पलीकडे मालनबाई दिसल्या, हातात पिशवी, समोर फाटकाचा लाल दिवा. पोतं सोडून तो तिकडे धावला.

पण सातवं फाटक उघडलेलं होतं. मालनबाई आत आल्या होत्या आणि त्यांची पिशवी शैलेंद्रच्या हातात होती. दोघांची पाठ देवीदासकडे होती. त्याला बरं वाटलं. पोराने आपलं ऐकलं. तसं म्हणावं म्हणून तो मागून जवळ गेला.

“आई, काकांच्या भाजीत मीठ पाहिलं ना आज?” शैलेंद्र म्हणत होता. “परवा माझ्या डब्यात लय झालं होतं.”

“हळू बोल,” मालनबाई म्हणाल्या. “तू घरी परत आला हे त्यायले समजलं, तर उद्यापासून जेवणार नाहीत ते.”