पाणी आलं

भाटघरचं धरण भरू लागलं, तेव्हा नदीकाठच्या एका गावात देवळातली घंटा बडवून माणसं वर काढली होती. त्या गावातली एक मुलगी मामाकडे आली आणि तिथल्या शाळेत बसू लागली. पोरं तिला ‘धरणवाली’ म्हणत. तिच्याशी बोलत मात्र कुणी नसे.

एके दिवशी शाळेला घंटा आली. गुरुजींनी ती वाजवून पाहिली, तशी मुलगी किंचाळत उठली.

“पाणी आलं! रायबा, पळ! पारू, ऊठ! हैबती, धाकटीला घे!”

बघता बघता सगळी शाळा टेकडीवर पळाली. गुरुजी धापा टाकत वर पोचले. मुलगी डोळे उघडायला तयार नव्हती. पोरं तिला खेटून बसली होती.

“अरे, कुठलं पाणी? उगाच भ्यालात सगळे!”

“पाणी न्हाई, ते आमाला ठावं व्हतं, गुरुजी,” रायबा म्हणाला. “पर आमाला सोडून ही पळंना. दारात हुबी ऱ्हाऊन एकेकाचं नाव घेत व्हती.”

मग तो तिच्याकडं वळला.

“तुजं नाव काय गं?”