फाशीशिवाय नको

“फाशीच. त्याखाली एक पायरी उतरणार नाही मी,” सासूबाई म्हणाल्या आणि समोरचा संमतीचा कागद त्यांनी बोटाने वकिलांकडे परत सरकवला.

सरकारी वकील तिसऱ्यांदा आले होते. दर वेळी सासूबाई आडव्या आल्या. स्टेशनावरच्या स्फोटात ज्यांची माणसं गेली, त्या सगळ्या घरांनी सह्या दिल्या होत्या. घोडं अडलं होतं ते याच दाराशी. या घरातला एकुलता एक मुलगा त्या स्फोटात गेला होता.

“आजी, आरोपी ज्या देशात पकडला गेलाय तिथे फाशी नाही,” वकील म्हणाले. “आपण त्याला फाशी देणार नाही असं लिहून दिल्याशिवाय ते त्याला ताब्यात देत नाहीत. त्याचा जबाबही देत नाहीत. आणि एका जरी घराची हरकत असली, तरी आपलं सरकार तसं लिहून द्यायला कचरतं. उद्या मुदत संपतेय. मग तिथलं कोर्ट त्याला सोडून देईल.”

“सुटू दे. इथे आणून जन्मभर पोसायचाय का त्याला?”

सूनबाई दाराशी उभी राहून ऐकत होती. नवरा गेल्यापासून तिने सासूबाईंचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. त्यांचा दराराच तसा होता. पीडितांच्या सभेत त्या ‘फाशी’ म्हणाल्या की माईकची गरज पडत नसे. पण आज तिला त्यांचा मनापासून राग आला. फाशी फाशी करताना हाती लागलेला माणूस निसटत होता, हे यांना दिसत कसं नाही?

ती पुढे आली. “त्याला आणून काय मिळेल, साहेब?”

“बॉम्ब त्याने बनवला. पण पिशवी स्टेशनात नेली दुसऱ्याच कुणीतरी. तो आजवर सापडलेला नाही. इथे आणलं तर हा नाव सांगायला तयार आहे.”

“मग सही मी करते. बायकोची चालेल ना?”

“घरटी एकच सही लागते, तुमचीही चालेल. आजवर आजींचा मान ठेवला, इतकंच.”

“हात लावू नकोस त्या कागदाला!” सासूबाई ताडकन उठल्या.

“आई, तुम्हाला त्याचा जीव हवाय. मला माझा नवरा कुणी मारला ते हवंय.”

तिने सही केली. वकिलांनी कागद उचलला, आजींनी पुन्हा मोडता घालण्याआधी जिना उतरले आणि त्यांची गाडी निघूनही गेली.

सासूबाई पुन्हा खुर्चीत बसल्या. सूनबाईने त्यांना पाणी आणून दिलं. तिला वाईट वाटत होतं, पण पश्चात्ताप मुळीच नव्हता.

“रागावू नका, आई. पिशवी नेणाऱ्याचं नाव तरी आता कळेल.”

सासूबाईंनी पेल्याला हात लावला नाही.

“मला माहीत आहे ते,” त्या म्हणाल्या. “पेपरातल्या फोटोत त्या पिशवीचा उरलेला तुकडा पाहिला आणि टाके ओळखले. तुझ्या नवऱ्याला मीच शिवून दिली होती ती पिशवी.”