उरलेल्यांतला एक

मुलांच्या मनाच्या डॉक्टरीणबाईंचं वीस वर्षांचं संशोधन पेपरात झळकलं. ज्या मुलांशी त्या दर आठवड्याला बोलत बसल्या, त्यांचा हात पुढे कुणावर उठला नाही. दुसऱ्याच दिवशी तोच पेपर घेऊन एक आई दारात उभी राहिली.

"बाई, आमचा धाकटाही तुमच्या त्या अभ्यासातलाच ना? मग शेजारच्या पोराला सुरी कशी हो मारली त्यानं?"

बाई म्हणाल्या, "मावशी, चिठ्ठ्या टाकून निम्म्यांशीच बोललो आम्ही. उरलेल्यांकडून नुसते फॉर्म भरून घेतले, फरक कळावा म्हणून. तो उरलेल्यांत होता."

"पण दर वर्षी त्या फॉर्मवर तो लिहायचा म्हणे, 'राग आवरत नाही, माझ्याशी कोणीतरी बोला.' ते तुम्ही वाचलंच नाहीत होय?"



बाईंनी ते वाचलं होतं, आणि दर वर्षी न चुकता तक्त्यात भरलंही होतं.