थेल्माच्या कादंबरीचा शेवट

अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या दगडखाणीत जन्म घालवलेल्या ऑस्करला वाचता येत नव्हतं, म्हणून लेकीनं, थेल्मानं, आपली पहिली कादंबरी छापण्याआधी त्याला स्वयंपाकघरात वाचून दाखवली. तो बटाटे सोलत ऐकत होता. गोष्टीतल्या खाणकामगारानं बायकोवर हात उगारला आणि ती घर सोडून गेली, तिथं त्याचा चाकू थांबला. "हा मीच ना गं?" "हो, बाबा. तुम्ही नको म्हणालात तर छापणार नाही." "शेवटी माफी मागतो तो?" "नाही. पण प्रकाशक म्हणतात, मागायला लावा, वाचकांना बरं वाटेल." ऑस्करनं चाकू खाली ठेवला. "खोटं लिहू नकोस, पोरी. ती घर सोडून गेल्यापासून अठरा वर्षांत मी कुठं मागितली?" तिनं शेवट तसाच ठेवला; त्याच शेवटानं पुढं तिचं नाव अमेरिकाभर झालं. पण त्या दुपारी ऑस्करनं हात पुसले आणि विचारलं, "तुझ्या आईचा पत्ता आहे का तुझ्याकडे?"